तंबूची बारावी मेख

आधी दुरुस्ती, मग वाटणी.

दिनांक १० फेब्रुवारी १९५८ रोजी निरवांगी, तालुका इंदापूर, येथील पोलीस पाटलांपुढे मी असा जबाब दिला की, माझे पती म्हस्कू बिरू रूपनवर यांच्या तळहाताला झालेली जखम मळ्यातल्या ऑइल इंजिनाच्या हँडलने झाली. हा जबाब चुकीचा आहे. चुकीचा हा शब्द इथे पुरेसा नाही. तो खोटा आहे आणि मी तो जाणूनबुजून दिला. जखम तंबूच्या लोखंडी मेखेने झाली, २७ जानेवारीला, वरंध घाटाच्या पायथ्याशी. इंजिनाचा त्यात काही दोष नाही.

मी शाळेत गेलेले नाही. मला वडिलांनी घरी, चुलीच्या उजेडात, पाटीवर शिकवले. पाटीवरून ते मला कागदावर घेऊन आले तेव्हा त्यांनी एकच नियम सांगितला होता. कागदावर चूक झाली तर ती खरवडायची नाही. तिच्यावर एक रेघ मारायची, म्हणजे खाली काय लिहिले होते तेही वाचता आले पाहिजे. त्या नियमाप्रमाणे मी माझा खोटा जबाबही वर लिहिला आहे.

आता रीतीप्रमाणे. मी, भामा म्हस्कू रूपनवर, वय सव्वीस, राहणार निरवांगी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी प्रकृती ठीक आहे, डोके ठिकाणावर आहे. ते ठिकाणावर नाही असे घरात गेले दहा दिवस बोलले जात आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. पतीचे नाव मी आयुष्यात प्रथमच इतक्यांदा लिहीत आहे, तेही कायद्याला लागते म्हणून.

सव्वीस वर्षांच्या बाईने मृत्युपत्र का करावे, असे वाचणाऱ्याला वाटेल. त्याचे कारण कलम सहामध्ये आहे. ते आधी वाचू नये, कारण त्याच्या आधीचे कळल्याशिवाय ते वेडेपणाचे वाटेल.

कलम पहिले : घर.

राहत्या घरातील दक्षिणेकडची खोली आणि तिला लागून असलेली पत्र्याची शेड पतीच्या वाटणीची आहे. इंदापूरच्या वकिलांनी सांगितले की दोन वर्षांपूर्वीच्या नव्या कायद्याप्रमाणे पतीच्या मिळकतीत अर्धा वाटा माझा व अर्धा सासूबाईंचा, आणि माझा वाटा पूर्णपणे माझा. हे मी घरी सांगितले. माझे थोरले दीर गेणू बिरू रूपनवर, ज्यांना मी दादा म्हणते, ते माझ्याशी थेट बोलत नाहीत, तशी रीत नाही. ते सासूबाईंकडे तोंड करून बोलतात आणि मी दाराआडून ऐकते. त्या दिवशी त्यांनी सासूबाईंकडेही तोंड केले नाही. ते बैलांना वैरण टाकायला उठून गेले.

खोलीतील माझा वाटा सासूबाई श्रीमती भागूबाई यांना. शेड मात्र शेडच राहावी. तिच्यात कडबा भरू नये.

कलम दुसरे : मेंढ्या.

लग्नात वडिलांनी मला पाच मेंढ्या दिल्या होत्या, उजव्या कानाला दोन काप असलेल्या. आमच्या लोकांत लेकीच्या मेंढ्या आणि त्यांची पैदास लेकीचीच राहते. सासऱ्यांनी कळप विकला तेव्हा या खुणेच्या मेंढ्या वेगळ्या काढून ठेवल्या, ही त्यांची सचोटी. आज त्या नऊ आहेत. त्या सासूबाईंना. त्यांच्या लोकरीचे घोंगडे सासूबाईंनी स्वतःसाठी विणून घ्यावे, दुसऱ्या कुणाला देऊ नये. त्या सगळे देऊन टाकतात.

कलम तिसरे : फटफटी, आणि आमचे फिरणे.

पती युद्धात पाच वर्षे लष्कराच्या गाड्या दुरुस्त करीत होते. इटलीपर्यंत गेले. तिथले काय पाहिले असे कुणी विचारले की ते म्हणत, लॉरीच्या मागच्या ताडपत्रीतून मागे पडलेला रस्ता तेवढा पाहिला, बाकी चिखल आणि गिअरबॉक्स. परत आल्यावर ते बारामतीपासून इंदापूरपर्यंत विहिरींवरची इंजिने दुरुस्त करू लागले. मोट सोडून लोक नुकते इंजिनाकडे वळत होते आणि बिघाड ओळखणारा माणूस या पट्ट्यात दुसरा नव्हता. त्यांनी लष्कराच्या मोडीतली एक फटफटी घेऊन ती उभी केली आणि १९५१ साली, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, मला भर दिवसा मागे बसवून चावडीसमोरून नेली.

तेव्हापासून गावात आमच्यावर जे बोलले गेले ते सगळे मी लिहिणार नाही. पारावरची मंडळी त्यांना बायकूवेडा म्हणत. ते पारासमोर गाडी सावकाश करून म्हणायचे, "व्हय तात्या, येडाच हाय. शाना झालो की तुमच्यात बसाया येतो." आणि निघायचे. मला मागे बसून घाम फुटायचा.

दर साल पौष-माघात कामाला उसंत मिळाली की आम्ही पंधरा दिवस बाहेर पडत असू. तंबू, घोंगडी, स्टोव्ह, पिठाचा डबा. त्यांची वाट ठरलेली असे : बारामती, मोरगाव, जेजुरी, भोर आणि पुढे घाट. सासरे कळप घेऊन ज्या वाटेने कोकणात उतरायचे ती ही वाट. कुणाच्या शेतात मेंढ्या बसवल्या होत्या, कुठल्या ओढ्याला पाणी टिकते, कुठल्या गावचा पाटील बरा होता, हे त्यांना लहानपणापासून पाठ होते. मी एकदा म्हटले की मेंढ्याच नाहीत तर या वाटेने जायचे कशाला. ते म्हणाले, "मेंढरं न्हाईत, पर वाट तर हाय. ती कुनी इकली न्हाय."

मी भित्री आहे. नदी ओलांडताना, उतारावर, परक्या गावात, सगळीकडे मला भीती वाटायची. निघण्याआधी मी दाराची कडी तीनदा बघायची. ते एकदाही हसले नाहीत. चौथ्यांदा स्वतः जाऊन बघून यायचे आणि सांगायचे, लागलीय.

ही फटफटी मी कुणा एकाच्या नावाने करीत नाही. निरवांगीतला जो कुणी आपल्या बायकोला मागे बसवून दिवसाउजेडी चावडीसमोरून नेईल, तिने तोंडावर पदर न ओढता, त्याला ती द्यावी. पहिला हक्क दादांचा. वर्षभरात कुणीच पुढे आले नाही तर ती शेडमध्ये गंजू द्यावी आणि गावाने ती येताजाता पाहावी.

कलम चौथे : हत्यारे.

पान्यांची पेटी, इंजिनाचे वाल (व्हॉल्व्ह) घासायचे सामान, दोन हातोड्या आणि लष्करातला कॅनव्हासचा पट्टा बारामती परिसरातला जो होतकरू फिटर पतींचे लष्करातले सोबती दत्तोबा निवडतील त्याला द्यावा. पेटीत एका पान्याची जागा रिकामी आहे. तो पाना सांगवीच्या झुंबर जगताप यांनी चार वर्षांपूर्वी एका दिवसासाठी नेला. पतींनी तो दोनदा मागितला, दोन्ही वेळा झुंबररावांनी चहा पाजला आणि पाना दिला नाही. तो पुन्हा एकदा मागावा. न दिल्यास माझ्याकडून बक्षीस दिला असे समजावे, पण हे त्यांना कळवू नये.

कलम पाचवे : खोटे कसे बोलले गेले.

हे कलम कशाचीही वाटणी करीत नाही. तरी ते मृत्युपत्रातच हवे, कारण तोंडी सांगून झाले आहे आणि उपयोग झाला नाही.

२७ जानेवारीला संध्याकाळी घाटाच्या पायथ्याशी तंबू ठोकताना जमीन मुरमाड लागली. बारावी मेख आत जाईना. ती वाकली, सटकली आणि त्यांच्या उजव्या तळहातात शिरली. त्यांनी जखम रॉकेलने धुतली, माझ्या लुगड्याच्या चिंधीने बांधली आणि तंबूची ती बाजू दगडाने दाबून ठेवली. मी परत फिरू म्हणत होते. ते म्हणाले, हाताला काय घाटाचं भ्या वाटतंय का. मी जास्त धरून बसले नाही. हे मला लिहिलेच पाहिजे. मी जास्त धरून बसले नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी वरून कोकण दिसणार होते आणि ते मलाही पाहायचे होते.

३१ जानेवारीला आम्ही परतलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी बांधल्या हाताने इंजिन सुरू केले, काही झाले नाही. ६ फेब्रुवारीला त्यांची दातखीळ बसली. बारामतीच्या इस्पितळात परिचारिका मुक्ताबाईंनी जखम पाहून विचारले, किती दिवसांची. त्यांना मी खरे सांगितले. धनुर्वात आहे, उशीर झालाय, असे त्या म्हणाल्या. ९ तारखेला ते गेले.

घरी आणले तेव्हा अंगणात वीस-पंचवीस माणसे होती. सासूबाईंनी त्यांचा हात उचलून पाहिला आणि मला विचारले, "ह्ये कशानं झालं?"

माझी जाऊ रतन तिथेच उभी होती. सात वर्षे ती म्हणत आली होती की ही भटकंती एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल. मी मेख म्हटले असते तर ती काही बोललीही नसती. पण तिचे म्हणणे खरे ठरले होते आणि ते तिने ऐकू नये एवढेच त्या क्षणी माझ्या डोक्यात होते. त्यांचे सगळे फिरणे, सगळ्या सकाळी, त्या एका शब्दाने गुन्हा ठरल्या असत्या. मी म्हणाले, "हँडलनं."

कुणी एक प्रश्न विचारला नाही. साक्षीदार मागितला नाही. दादांनी लगेच मान हलवली, कारण तीन वर्षांपूर्वी त्याच हँडलने उलटा झटका देऊन त्यांचा अंगठा मोडला होता. तो का मोडला ते पतींनी तेव्हाच सांगितले होते : हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, विळखा घालायचा नाही. दादांनी विळखा घातला होता. पण मोडला अंगठा त्यांचा, आणि राग बसला तो इंजिनावर. माझे खोटे त्यांच्या मनातल्या तयार जागेवर जाऊन बसले.

त्यानंतर हे झाले. दादांनी रक्षेबरोबर हँडलही नेले आणि नीरा-नरसिंहपूरच्या संगमात टाकले. इंजिनाला काळा दोरा बांधला, लिंबे टांगली. चार घरांचा मळा त्या पाण्यावर होता, तो पुन्हा मोटेवर आला. मोटेचे पाणी अर्ध्या मळ्यालाही पुरत नाही, वरच्या अंगाची डाळिंबे वाळू लागली आहेत. सासूबाई त्या विहिरीचे पाणी पीत नाहीत. "माझं लेकरू खाल्लं त्यानं. त्येच्या हिरीचं पानी माझ्या घशाखाली उतरत न्हाय," असे म्हणून या वयात कालव्यावरून स्वतःची कळशी आणतात. आणि रतन, सहा महिन्यांची गरोदर, वांग्याच्या रोपांना डोक्यावरून पाणी आणून घालते. गेल्या मंगळवारी ती विहिरीच्या पायरीवर घसरली. थोडक्यात वाचली. मी तिला धरले तेव्हा ती म्हणाली, "सोड, तुला काय, तुज्या हातचं एक काम तर हाय का हितं."

तिचे ते बोलणे मला लागले नाही. मी केलेल्या खोट्याचे पाणी ती वाहत होती.

मी ते खरे दहा दिवसांपूर्वी घरात सांगितले. दाराआडून, पदर सावरून, जसे सांगायला मिळते तसे. वाकडी मेखही दाखवली. दादांनी ती हातात घेतली नाही. मग सासूबाईंकडे तोंड करून म्हणाले, "आई, तिला सांग, समजतंय मला. त्येची वस्तू मोडीत जाऊ ने म्हून ती आता मेखंवर ढकालतीया. इंजिनावर माया हाय तिची. दुखानं बोलतीया, तिला कुनी काय म्हनू नका."

मला रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी मला माफ केले, न केलेल्या खोट्याबद्दल. केलेले खोटे तसेच खरे म्हणून राहिले. मुक्ताबाईंना विचारा म्हटले तर इस्पितळवाले सांगाल ते लिहितात असे उत्तर आले. पोलीस पाटील म्हणाले, लिहिलेला जबाब लिहिलेला आहे, आता माणूस गेला, कशाला उकरतेस. खोटे बोलायला मला एक शब्द लागला. खरे सांगायला किती पाने लागणार आहेत, हे मला अजून कळलेले नाही.

कलम सहावे : इंजिन.

येत्या शनिवारी, १९ एप्रिलला, अमावास्या आहे आणि पंचांगात सूर्यग्रहण दिले आहे. ग्रहणाच्या आत ही वस्तू मळ्यातून जावी असे घरात ठरले आहे. शुक्रवारी मोडवाल्याची गाडी येणार आहे. वकील म्हणाले की इंजिन पतींचे, म्हणून अर्धी मालकी माझी, नोटीस देऊन विक्री थांबवता येईल. नोटिसीने गाडी थांबेल, पण इंजिन चालणार नाही आणि सासूबाई ते पाणी पिणार नाहीत. मला नोटीस नको.

इंजिन मला सुरू करता येते. हे घरात कुणालाच माहीत नाही. पतींनी मला १९५४ च्या पाडव्याच्या आधी शिकवले, कान लावून बिघाड ओळखायलाही शिकवले. पुढे थंडीच्या दिवसांत पुष्कळदा पहाटेचे इंजिन मीच सुरू केलेले असे आणि ते शेजारी लिव्हरवर हात ठेवून उभे असत. दादा मळ्यात आले की हँडल पतींच्या हातात असे. एकदा दादा म्हणाले, म्हस्कू, आज एका फेऱ्यात धरलं की रं. ते म्हणाले, आज हात चांगला हाय. घरी आल्यावर त्यांनी त्याबद्दल माझी माफी मागितली. मी म्हटले होते, राहू द्या, कशाला वाद. आता वाटते, तो वाद तेव्हाच व्हायला हवा होता.

हँडल संगमात गेल्याने मी नवे करून घेतले आहे. लिंबू बदलायच्या निमित्ताने भर दुपारी जाऊन शाफ्टच्या टोकाचा ठसा साबणाच्या वडीवर घेतला आणि बारामतीला दत्तोबा खोमणे यांना दिला. ते पतींबरोबर लष्करात होते, आता बारामतीत लेथ चालवतात. त्यांनी त्यावरून हँडल केले. मग म्हणाले, मी येऊन सुरू करतो. मी नको म्हटले. त्यांनी सुरू केले तर लोक म्हणतील, मिल्ट्रीचा गडी, त्याला काही बाधत नाही. जिने दोष दिला तिनेच तो काढला पाहिजे. दत्तोबा म्हणाले, "वैनी, इंजिन मानूस वळखत न्हाय, हात वळखतं. अंगठा तेवढा भाईर ठिवा." मग त्यांनी हँडलच्या मुठीला स्वतःच्या हाताने कापड गुंडाळून दिले.

विधवेने चालत्या कामाला हात लावू नये, असे म्हणणारे त्या सकाळी पुष्कळ असतील. त्यांना मी उत्तर देणार नाही, दोन्ही हात कामात असतील.

भीती मला आहे. दोन महिने बंद पडलेले इंजिन पहिल्या फेऱ्याला उलटा झटका देऊ शकते. हँडल निसटून छातीत बसले तर माणूस जातो, असे एकदा पुण्याकडे झाल्याचे पतींनीच सांगितले होते. म्हणून हे मृत्युपत्र. मला मरायचे नाही. पण मला काही झाले तर लोक म्हणतील की त्याने दोन माणसे खाल्ली, आणि माझे खोटे कायमचे खरे होईल. ते होऊ नये. तेव्हा स्पष्ट लिहिते : मला इजा झाली किंवा मी मेले, तर चूक माझ्या हाताची धरावी. इंजिनाची नाही, त्यांची नाही, ग्रहणाची नाही.

इंजिनातला माझा वाटा मळ्याच्या चारही घरांना, पाण्यापुरता, सामाईक. ते विकू नये. हँडल मात्र रतनला. तिचे दंड माझ्यापेक्षा मजबूत आहेत आणि ती घाबरत नाही. बाळंतपणानंतर दत्तोबांनी तिला शिकवावे. तिच्याशी माझे भांडण मी मिटवत नाही, पण ती खरे बोलली होती हे मी इथे लिहून देते. पोस्टातल्या पुस्तकात जे असेल ते तिच्या बाळंतपणाला.

कलम सातवे : तंबू.

तंबू, दोन खांब आणि सरळ असलेल्या अकरा मेखा यांच्यावर कुणी हक्क सांगेल असे वाटत नाही. मी राहिले तर त्या माझ्या. पौषात मला एकदा त्या वाटेने जायचे आहे, एसटीने आणि पायी. मी गेले तर तंबू माझ्या अंगावर घालावा, दुसरे कापड आणू नये.

बारावी मेख, वाकलेली, डाग असलेली, मी बिस्किटांच्या डब्यात ठेवली आहे. ती दादांना. त्यांनी ती दुसऱ्या कुणाकडे तोंड न करता स्वतःच्या हातात घ्यावी आणि आपल्या तळहाताला लावून पाहावी. मग काय मानायचे ते मानावे.

वरील सर्व मी वाचून पाहिले. तीन ठिकाणी शब्द चुकले होते, त्यांच्यावर एकेक रेघ मारली आहे, खालचे वाचता येते. खालील दोन साक्षीदारांना मी या कागदाने काहीही दिलेले नाही. दत्तोबांना पान्यांची पेटी द्यायची इच्छा होती. त्यांनी पेटीपेक्षा साक्ष बरी असे सांगितले.

लिहिणार : भामा म्हस्कू रूपनवर, सही स्वदस्तुर.

साक्षीदार पहिले : दत्तोबा रामजी खोमणे, राहणार बारामती. भामाबाईंनी आमच्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसऱ्या : मुक्ताबाई केशव शिंदे, परिचारिका, बारामती. सही पाहिली. जखम ६ फेब्रुवारीला मी स्वतः पाहिली होती, ती आठवड्याहून जुनी होती, हेही लिहिते.

ठिकाण बारामती. सोमवार, दिनांक १४ एप्रिल १९५८.

ता. क. हा कागद दत्तोबांच्या पेटीत राहील. हँडल मी पिठाच्या डब्यात घालून आजच्या एसटीने निरवांगीला नेत आहे. सासूबाई सकाळी सातच्या सुमारास कळशी घेऊन मळ्यावरून कालव्याकडे जातात. त्यांना तिथे थांबवीन आणि त्यांच्यासमोर, दादा व रतन मोटेवर असतानाच, दोरा सोडून इंजिन सुरू करीन : गुरुवार, दिनांक १७ एप्रिल १९५८.